जुना चौकोनी बेलर हंगामासाठी तयार करताना

अमेरिकेतल्या छोट्या शेतांवर न्यू हॉलंड किंवा जॉन डिअरचे पन्नास-साठ वर्षांचे बेलर, म्हणजे वाळलेलं गवत दाबून सुतळीने बांधलेले गठ्ठे करणारी यंत्रं, अजून चालतात. ते अडतात ते बहुधा गाठ मारणाऱ्या नॉटरपाशी.

ट्रॅक्टर बंद करा, किल्ली खिशात ठेवा. नॉटरचा ट्रिप, म्हणजे गाठ सुरू करणारा खटका, हाताने सोडून फ्लायव्हील (यंत्राचं जड चाक) हातानेच फिरवा, म्हणजे गाठीचा पूर्ण फेरा सावकाश दिसतो. गाठ वळणाऱ्या हुकावरून ती सुटत नसेल, तर हुकावर गंज चढलेला असतो किंवा त्याची स्प्रिंग फार आवळलेली असते. बारीक पॉलिश पेपरने हुक गुळगुळीत करा. सुतळीची टोकं पिंजलेली दिसली तर सुरी बोथट आहे. गाठ एकाच टोकाला बसत असेल, तर सुतळी धरणारी चकती ढिली असण्याची शक्यता जास्त. स्प्रिंगचा स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की नेमका दोष कळत नाही. सुतळी घायपाताची, एकसारख्या जाडीची घ्या. स्वस्तातली गाठाळ सुतळी इथे महागात पडते.

फ्लायव्हीलचा शिअर बोल्ट, म्हणजे जादा ताण आला की मुद्दाम तुटणारा बोल्ट, तुटला तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रतीचाच टाका. जास्त कडक बोल्ट टिकेल, पण मोडतील सुतळी नॉटरकडे नेणाऱ्या सुया.

शेतात पीटीओ (ट्रॅक्टरची शक्ती बेलरला देणारा फिरता दांडा) मिनिटाला ५४० फेऱ्यांवर स्थिर ठेवा, ट्रॅक्टरच्या चालीचा वेग गिअरने सांभाळा. ३६ इंची गठ्ठ्याला गवत दाबणाऱ्या प्लंजरचे १२ ते १८ ठोके हवेत. गवतातला ओलावा २० टक्क्यांवर असेल तर थांबा: असे गठ्ठे बुरशी धरतात, आतून तापतात, कधी कोठारही पेटतं.