डिफ्युजन स्कॅनमध्ये मेंदूतले ट्रॅक्ट (तंतूंचे जुडगे) भलतीकडे जात होते, कारण बीव्हेक (स्कॅनच्या मोजमापाच्या दिशांची) फाईल

नागपुरात धरमपेठेतल्या रूमवर बसून डिफ्युजन एमआरआयचा (पाण्याच्या हालचालीवरून मेंदूतले तंतू दाखवणाऱ्या स्कॅनचा) डाटा प्रोसेस करून राहिलो होतो, एफए मॅप (पाणी किती एकाच दिशेनं सरकतं त्या आकड्याचा नकाशा) एकदम चकाचक आला, पण तंतूंची दिशा रंगानं दाखवणाऱ्या मॅपमध्ये कॉर्पस कॅलोसमचा (मेंदूचे दोन अर्धे जोडणाऱ्या पट्ट्याचा) मधला भाग, जो डावी-उजवीकडे जातो म्हणून लाल दिसायला पाहिजे, तो चक्क निळा, म्हणजे वर-खाली जाणारा! दोन रात्री गेल्या. एफएवर विसंबू नका भाऊ, अक्षांची अदलाबदल झाली तरी तो आकडा तोच राहतो, चुकते ती दिशा.

घोळ असा होता की स्कॅन सॅजिटल (बाजूनं घेतलेल्या कापांचा) होता आणि मी सुरुवातीलाच एफएसएल या सॉफ्टवेअरचं रीओरिएंट (इमेज ठरावीक दिशेत फिरवणारी कमांड) मारलं. त्यानं इमेजचे अक्ष फिरले, पण बीव्हेक वेगळी टेक्स्ट फाईल, तीन ओळींची, ती जशीच्या तशी राहिली.

मग मूळ निफ्टी (इमेजची फाईल) आणि मूळ बीव्हेक घेऊन सगळं पुन्हा चालवलं, रीओरिएंट न करता. एडी या एफएसएलच्या हालचाल सुधारणाऱ्या कमांडनंतर तिनंच दिलेली रोटेटेड बीव्हेक वापरली, कारण पेशंटचं डोकं हललं की दिशाही तेवढ्याच फिरवाव्या लागतात. एमआरट्रिक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या डीडब्ल्यूआय-ग्रॅडचेकनंही (दिशा बरोबर आहेत का ते तपासणाऱ्या कमांडनंही) काही बदल सुचवला नाही. आता कॅलोसम लाल आहे, आणि मी ट्रॅक्टोग्राफीआधी (ट्रॅक्ट काढण्याआधी) दिशा दाखवणाऱ्या रेषा डोळ्यानं बघतोच.