पावसाआधी बागेची डागडुजी: मोठी झाडे, कुंपणाची झुडपे आणि हिरवळ

(कालावधी: मेअखेर ते ऑगस्ट. पुणे, नाशिक, अहिल्यानगर, सातारा, सांगली, छत्रपती संभाजीनगर आणि आसपासचा भाग. कोकणात पाऊस लवकर येतो आणि जास्त पडतो, तिथे हीच कामे आठवडाभर आधी उरकावीत.)

रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागते, मृग ७-८ जूनला. या पंधरवड्यात शेतकरी बी-बियाण्यांच्या मागे असतो आणि सोसायट्या, शाळा, मंगल कार्यालये, फार्महाऊसवाले छाटणीच्या. घाई दोघांचीही रास्त आहे. पण बागेतली घाई बहुतेक वेळा चुकीच्या जागी होते. कंत्राटदार येतो, दिवसभरात दहा-बारा झाडांचे शेंडे उडवतो, ट्रॉलीभर फांद्या नेतो आणि ‘मोकळं केलं’ म्हणून बिल देतो. त्या छाटणीने झाड सुरक्षित होत नाही, दोन-तीन वर्षांनी उलट जास्त धोकादायक होते. छाटणीचा दर ट्रॉलीवर ठरवू नका. झाडामागे ठरवा, आणि कोणती फांदी काढायची ते आधी खडूने खूण करून दाखवा.

मोठी झाडे: आधी बघा, मग हात लावा

वळवाच्या वाऱ्यात सर्वांत आधी पडतात ती गुलमोहर, सोनमोहर, विलायती शिरीष, पिचकारी आणि सुबाभूळ यांसारखी झाडे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. सावली आणि फुले भरपूर देतो, पण त्याचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ पसरणारी. कडुनिंब, करंज, चिंच, ताम्हण ही झाडे तुलनेने दणकट. तरीही जातीवरून निकाल लावू नका, प्रत्येक झाडाभोवती एक फेरी मारा.

फेरी बुंध्यापासून सुरू करा, वर बघत नव्हे. खोडाच्या एका बाजूची माती उचलली गेली आहे का, तिला चीर पडली आहे का? झाड कलले असेल तर कलत्या बाजूच्या विरुद्ध अंगाची माती तपासा, कारण मुळे सुटायला लागली की पहिली चीर तिथे दिसते. वर्षानुवर्षे कललेले, पण माती घट्ट असलेले झाड सहसा टिकून राहते. गेल्या दोन महिन्यांत कललेले झाड मात्र आजच दाखवायला हवे. बुंध्याशी लाकडासारखी कडक, अर्धगोल, तपकिरी भूछत्रे आली असतील तर आत कूज आहे असे समजा. मग लाकडी हातोड्याने खोडावर गोल फिरत ठोका. भरीव लाकडाचा आवाज दबका येतो, पोकळ जागी ढबढब वाजते. आणि एक प्रश्न वॉचमनला विचारा: गेल्या दोन वर्षांत या झाडाजवळून केबलचा, गॅसचा किंवा ड्रेनेजचा चर खणला होता का? चराने एका अंगाची मुळे तुटलेली असतात आणि झाड वरून हिरवेगार दिसत राहते.

दोन जाड फांद्या इंग्रजी ‘व्ही’सारख्या अरुंद कोनात फुटल्या असतील आणि त्यांच्या सांध्यात साल आत दबलेली दिसत असेल, तर तो सांधा कच्चा असतो. तारांच्या बाजूची सगळी फांदी काढून टाकल्यामुळे एकाच अंगाला भार आलेली झाडेही याच यादीत घाला. शहरात अशी झाडे गल्लोगल्ली दिसतील.

छाटायचे काय? वाळलेल्या, कुजलेल्या, मोडून लोंबणाऱ्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आणि एका अंगाचा जास्तीचा भार. जिवंत पालवीचा चौथा हिस्सा ही कमाल मर्यादा धरा, जुन्या झाडाला त्याहूनही कमी. शेंडा छाटू नका. शेंडा उडवला की त्या जागी झाडूच्या काड्यांसारखे दाट फुटवे येतात. ते फांदीच्या आतल्या लाकडातून आलेले नसतात, वरच्या थरालाच चिकटलेले असतात. दोन-तीन पावसाळ्यांत ते जाड होतात आणि नेमके तेच गाडीवर पडतात.

जाड फांदी एका घावात तोडली तर पडताना खोडाची साल हातभर सोलून नेते. म्हणून तीन काप घ्यायचे. पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर, खालच्या बाजूने, फांदीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. दुसरा त्याच्या दोन बोटे पुढे, वरून खाली, म्हणजे फांदी तिथेच तुटून पडते. उरलेला खुंट तिसऱ्या कापात काढायचा. फांदी खोडाला मिळते तिथे सालीची सुरकुतलेली, फुगीर कडा असते. ती कडा खोडावर राहिली पाहिजे, करवत तिच्या जेमतेम बाहेर चालवा. घाव भरून आणणारा भाग तोच असतो. खोडाला सपाट घासून कापले तर घाव मोठा होतो, आणि वीतभर खुंट ठेवला तर तो कुजत कुजत आत जातो. कुऱ्हाड आणि कोयता या कामाला नकोत.

दोन इंचांपेक्षा जाड घावाला बोर्डो मलम लावा. १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) ५ लिटर पाण्यात आणि १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत. मग दोन्ही तिसऱ्या बादलीत एकदम ओतत ढवळायचे. त्यात लोखंडी खिळा किंवा विळ्याचे पाते मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, थोडी चुन्याची निवळी आणखी घाला. मलम त्याच दिवशी संपवा. घावावर डांबर, ऑइल पेंट, सिमेंट काही फासू नका. ढोलीत सिमेंट भरण्याची जुनी पद्धत आता सोडून द्यायला हरकत नाही, आत पाणी साचते आणि कूज वाढते.

परवानगीचे विसरू नका. महापालिका आणि नगरपरिषदांच्या हद्दीत १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा लागू आहे. झाड स्वतःच्या आवारातले असले तरी तोडायला आणि मोठ्या छाटणीला वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, त्यांचे नियम आणखी कडक आहेत. ग्रामीण भागात आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग अशा अनुसूचित झाडांसाठी १९६४ चा वृक्षतोड अधिनियम बघावा लागतो. अर्जासोबत झाडाचे चारही बाजूंनी काढलेले फोटो जोडा. मेअखेर अर्ज दिला तर उत्तर येईपर्यंत पाऊस सुरू झालेला असतो, म्हणून पुढच्या वर्षीचा अर्ज फेब्रुवारीतच द्या. आणि करवत चालवण्याआधी घरटी बघा. कावळे आणि वंचक (बगळ्याच्या जातीचा पक्षी) याच दिवसांत शहरातल्या मोठ्या झाडांवर घरटी करतात. पिल्ले उडेपर्यंत ती फांदी राहू द्या.

खोडाभोवती पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट थेट बुंध्याला भिडले असेल तर या आठवड्यात किमान एक मीटर मोकळे करून घ्या. पहारीने हळूहळू, मुळांना न दुखवता. जाहिरातीचे खिळे आणि बुंध्यात रुतलेल्या दिव्यांच्या तारा काढा. लहानपणी बसवलेले लोखंडी ट्री गार्ड खोडात घुसायला लागले असतील तर ते कापूनच काढावे लागतात, ओढून नाही.

झुडपे आणि कुंपण

मेंदी, दुरंता, कामिनी, अकॅलिफा यांच्या कुंपणाला पावसाळ्यात दर पंधरा-वीस दिवसांनी हलकी कात्री लावावी, वाढू देऊन एकदम निम्मे उडवू नये. आकार खाली रुंद आणि वर किंचित अरुंद ठेवा. उलटे झाले की खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि कुंपणाचे पाय उघडे पडतात. उघडे पडलेले कुंपण वरून कितीही छाटले तरी खालून भरत नाही.

बोगनवेलीचा मुख्य बहर मेमध्ये ओसरतो. जूनमध्ये तिची कडक छाटणी चालते, लांब सोट दोन-तीन डोळ्यांवर आणावेत. पावसाळ्यात तिला खत देऊ नका, नुसता पाला वाढतो. मोगऱ्याला आत्ता हात लावू नये, त्याची छाटणी डिसेंबर-जानेवारीत. गुलाबाची पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये.

जास्वंदीचे शेंडे पांढऱ्या कापसासारख्या पुंजक्यांनी भरले असतील तर तो पिठ्या ढेकूण. मुंग्या त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात, म्हणून आधी मुंग्यांची वारुळे बघा. भरलेले शेंडे कापून लगेच पिशवीत बांधा, कचऱ्याच्या ढिगावर टाकू नका. उरलेल्या झाडावर नळीने जोराचे पाणी मारा आणि मग ५ टक्के निंबोळी अर्कात थोडे साबणाचे पाणी घालून संध्याकाळी फवारा. पुंजक्यांत एखादी मोठी, पांढऱ्या झिपऱ्या असलेली, भराभर चालणारी अळी दिसली तर तिला मारू नका. ती क्रिप्टोलिमस नावाच्या मित्र भुंगेऱ्याची अळी, पिठ्या ढेकूणच खाते. ती दिसली की फवारणी थांबवा.

हिरवळ

स्पष्टच सांगायचे तर बागेच्या खर्चात सगळ्यात वाया जाणारा पैसा हिरवळीवरचा. शिरिषाच्या किंवा वडाच्या गर्द सावलीत दरवर्षी नवे गवत अंथरायचे आणि दिवाळीपर्यंत ते विरळ होताना बघायचे, हे थांबवा. दिवसात पाच-सहा तास ऊन नसेल तिथे फर्न, स्पायडर प्लांट, सिंगोनियम लावा किंवा पालापाचोळ्याचे आच्छादन राहू द्या.

जिथे ऊन आहे तिथेही खालची जमीन बघा. बऱ्याच सोसायट्यांत बांधकामाचा राडारोडा आणि त्यावर चार-सहा इंच लाल माती एवढेच असते. पहिल्या दोन पावसांनंतर पाणी कुठे साचते ते पाहून तिथे खुंट्या ठोकून ठेवा. वापसा आल्यावर, म्हणजे जास्तीचे पाणी निथळून माती कामाजोगी झाल्यावर, त्या भागात दाताळ्याने चार इंच खोल, वीत-वीत अंतरावर भोके पाडा आणि वाळू व चाळलेले गांडूळखत समप्रमाणात मिसळून वरून झाडूने भोकांत लोटा. थर अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नको. काळ्या जमिनीत एवढ्याने भागत नाही, कडेने उताराचा चर काढावाच लागतो. ओल्या हिरवळीवर रोलर फिरवू नका आणि क्रिकेटही नको.

कापणी करताना एका वेळी पात्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापायचे नाही. उन्हाळ्यात दीड इंच ठेवत असाल तर पावसाळ्यात दोन इंच ठेवा. ब्लेड बोथट असले की पाती फाटतात, दुसऱ्या दिवशी टोके पांढुरकी दिसतात आणि बुरशीला वाट मिळते. युरिया गुंठ्याला १ किलो, रिमझिम असताना आणि पाती कोरडी असताना फेकून. मुसळधार पावसाचा अंदाज असेल तर थांबा, तो सगळा गटारात जाईल. लव्हाळा उपटताना खुरपे खोल घालून गाठींसकट काढा, नुसता पाला ओढला तर तो आठवड्यात परत येतो.

नायलॉन दोरीच्या ग्रास कटरबद्दल वेगळे सांगायला हवे. गवत अगदी बुंध्यापर्यंत साफ करण्याच्या नादात ती दोरी कोवळ्या झाडाची साल गोल कापत जाते. साल पूर्ण वलयात गेली की झाड वर्षभरात वाळते, आणि मग दोष वाळवीला दिला जातो. प्रत्येक रोपाभोवती दीड फुटाचे गवतविरहित आळे ठेवा, म्हणजे कटर तिथे न्यावाच लागत नाही.

हुमणीसाठी, म्हणजे भुंगेऱ्याच्या मुळे खाणाऱ्या अळीसाठी, हेच दिवस महत्त्वाचे. वळवाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर दिवेलागणीला तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर पाला खायला जमतात. रात्री आठ-नऊच्या दरम्यान फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे गोळा करा आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. सलग तीन-चार रात्री, आणि शेजारच्या आवारांनीही एकाच वेळी केले तर उपयोग होतो. जुलै-ऑगस्टमध्ये हिरवळ ठिकठिकाणी पिवळी पडून सतरंजीसारखी हाताने उचलली जात असेल, तर खाली इंग्रजी ‘सी’च्या आकाराच्या पांढऱ्या अळ्या मुळे खात आहेत. तेव्हा चांगल्या कुजलेल्या शेणखतात मेटारायझियम (अळ्यांना मारणारी उपयोगी बुरशी) मिसळून, ओलावा असताना संध्याकाळी द्या. मात्रा पाकिटावर असते. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) किंवा मेटारायझियम दिलेल्या जागी बोर्डो किंवा दुसरे ताम्रयुक्त बुरशीनाशक टाकू नका, उपयोगी बुरशीही मरते.

शंखी गोगलगायी पाऊस लागला की रात्री बाहेर पडतात. संध्याकाळी ओली गोणपाटे ठिकठिकाणी पसरा, सकाळी उलटून हातमोजे घालून गोळा करा आणि बादलीतल्या मिठाच्या दाट पाण्यात टाका. मीठ जमिनीवर टाकू नका.

नवीन लागवड आणि पडलेली झाडे

खड्डे आत्ताच घ्या, दोन फूट लांब-रुंद-खोल, आणि पंधरा दिवस उन्हात तापू द्या. लागवड मात्र दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन ओलावल्यावर. पिशवी पूर्ण कापून काढा; ‘आपोआप कुजेल’ म्हणून पिशवीसकट पुरलेली झाडे दहा वर्षांनी वाऱ्याने उपटली जातात, तेव्हा मुळांचा गोळा पिशवीच्याच आकाराचा निघतो. गोल गोल फिरलेली मुळे कात्रीने कापा. पिशवीत माती जिथवर होती तिथवरच जमिनीत घाला, खोड पुरू नका. आधाराची काठी काथ्याच्या दोरीने, आठाच्या आकड्यात सैल बांधा. तार नको.

वादळात दोन-तीन वर्षांचे झाड मुळासकट कलले असेल तर ते वाचते, पण एका दिवसात हालचाल हवी. उघडी मुळे ओल्या गोणपाटाने झाका, तुटलेली स्वच्छ कापा, पालवीचा तिसरा हिस्सा कमी करा, सरळ करून माती पायाने दाबा आणि तीन बाजूंनी ताण द्या. ताणाची दोरी सालीला लागते तिथे जुन्या टायरचा तुकडा घाला आणि वर्षभराने ताण काढा. मोठे झाड विजेच्या तारांवर पडले असेल तर मात्र फांदीला हात लावू नका. आधी वीज कंपनीला फोन, पुरवठा बंद झाल्याची खात्री आणि मगच करवत.