जुळे तारे फिरवण्याआधी एक तारा निवू द्या

२००८ साली वृश्चिकेतला व्ही१३०९ हा जुळा तारा एकजीव झाला. त्याच्या फेरीचा सुमारे १.४ दिवसांचा काळ त्याआधी काही वर्षं घटत चालला होता, हे जुन्या निरीक्षणांत नंतर सापडलं. अशी जोडी लॅपटॉपवर फिरवून बघायची असेल तर ‘फँटम’ हा मोफत एसपीएच कोड (वायूचा प्रवाह कणांनी मोजणारा प्रोग्राम) घ्या. यात वायू म्हणजे कण. अवकाशावर चौकटींची जाळी नसल्यामुळे ताऱ्यांमधल्या रिकाम्या जागेवर गणित वाया जात नाही.

लिनक्स किंवा मॅक, कोड उतरवायला गिट आणि तो कंपाइल करायला जीफोरट्रान एवढं पुरे. कोड उतरवा, वेगळ्या फोल्डरमध्ये ‘स्टार’ या मांडणीची मेकफाइल (कंपाइल करण्याच्या सूचनांची फाइल) बनवा, मग ‘मेक’ आणि ‘मेक सेटअप’ चालवा. स्टॅकची (प्रोग्रामच्या तात्पुरत्या मेमरीची) मर्यादा आधीच काढून टाका. नाहीतर सेगमेंटेशन फॉल्ट येऊन प्रोग्राम बंद पडतो आणि आपण भलतीकडेच चूक शोधत बसतो.

सेटअपमध्ये पॉलिट्रोप (दाब फक्त घनतेवर ठरतो असा सोपा तारा) निवडा: वस्तुमान १, त्रिज्या १ (सूर्याच्या मापात), आणि दाब घनतेबरोबर किती वाढतो ते सांगणारा गॅमा ५/३. पहिल्या खेपेला १०-२० हजार कण बास.

खरी मेख पुढे आहे. कण कितीही नीट मांडले तरी दाब आणि गुरुत्व तंतोतंत जुळत नाहीत. तारा जेलीसारखा थरथरतो. म्हणून सेटअप फाइलमध्ये रिलॅक्सचा, म्हणजे तारा निवू देण्याचा, पर्याय चालू करा आणि गतिज ऊर्जा गुरुत्वीय ऊर्जेपुढे नगण्य होईपर्यंत थांबा. मी एकदा हे गाळलं. पहिल्याच फेरीत बाहेरचा थर उडाला, आणि एक तारा दुसऱ्याला ओरबाडतोय असं समजून मी चक्क खूश झालो!

निवलेल्या ताऱ्याची जोडी फँटममधलाच ‘मॉडडंप बायनरी’ हा छोटा प्रोग्राम लावून देतो. आकडे मात्र आधी कागदावर काढा. दोन्ही तारे सारखे आणि अंतर ४ सूर्यत्रिज्या असेल, तर रोश लोबची (ताऱ्याचा वायू त्याचाच राहतो त्या हद्दीची) त्रिज्या अंतराच्या ०.३८ पट, म्हणजे दीड सूर्यत्रिज्या. तारा सुखरूप आत बसतो. प्रत्येकाचा वेग कोडच्या मापात ०.३५४ एकक, म्हणजे सेकंदाला सुमारे १५४ किलोमीटर, आणि दिशा एकमेकांच्या उलट. चिन्ह चुकलं तर अख्खी जोडीच पडद्याबाहेर चालू लागते. एक फेरी ३५.५ एककांची, म्हणजे पावणेसोळा तासांची.

चालवताना एकूण ऊर्जा आणि कोनीय संवेग यांच्यावर डोळा ठेवा. चित्रं ‘स्प्लॅश’ या चित्रं काढणाऱ्या प्रोग्राममध्ये बघा. दहा फेऱ्यांनंतरही अंतर ४ च्या आसपास टिकलं, तरच ते २.६ वर आणा. तिथे रोश लोबची हद्द ताऱ्याच्या पृष्ठभागाखाली जाते आणि वायू सांडायला लागतो.