दहावीनंतर फुटणारा संघ उन्हाळ्यातच कसा बांधायचा

एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, जूनअखेरीला ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड) होतो आणि लगोलग खेळाडूंची देवाणघेवाण सुरू होते. कोण कुठे गेला यावर आपल्याकडेही कट्टे रंगतात. साताऱ्यातल्या शालेय बास्केटबॉलची खरी उलथापालथ मात्र दहावीच्या निकालानंतर होते. १७ वर्षांखालच्या संघातली पोरं अकरावीला कॉलेज बदलतात, काही थेट पुणे-कोल्हापूर गाठतात. त्यामुळे स्पर्धेला नावं पाठवायची वेळ आली की धावपळ करण्यात अर्थ नाही. वार्षिक परीक्षा संपल्या की कामाला लागा.

आधी एक वही घ्या. प्रत्येक नावापुढे जन्मतारीख, इयत्ता, डावखुरा की उजवा, आणि अंगावर बचाव आला तरी चेंडू पुढे नेतो का, एवढं लिहा. जन्मतारखेवरून पुढच्या वर्षी कोण वयोगटातून बाद होणार ते आत्ताच कळतं. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. उंच पोरगा दिसला की घेतला, ही आपल्याकडची जुनी खोड. पण समोरच्यांनी पूर्ण मैदानावर दाबून बचाव लावला की नियमातल्या ८ सेकंदांत चेंडू अर्ध्या रेषेपलीकडे न्यायला उंची कामाला येत नाही. चेंडू नेणारा एकच असेल आणि पाचवा फाउल होऊन तो बाहेर गेला, तर सामना तिथेच हातचा गेला. म्हणून १२ जणांत चेंडू नेणारे किमान तिघे हवेत, त्यातला एक तरी डाव्या हाताने बिनधास्त चालवणारा. उंचीचा विचार त्यानंतर.

पोरांची निवड चाचणी घ्यायची, पण त्याआधी मैदान मोजा. शाळेच्या मैदानावर काँक्रीटचा थर चढवला की जमीन वर येते आणि रिंग तेवढी खुजी होते. रिंगची वरची कड जमिनीपासून ३.०५ मीटरवर हवी. फ्री थ्रोची (फाउलनंतर बिनविरोध मारायच्या शॉटची) रेषा खांबापासून मोजू नका. रिंगमागच्या बोर्डच्या पुढच्या बाजूवरून ओळंबा सोडा, तो टेकेल तिथे खूण करा आणि तिथून रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंत ४.६० मीटर धरा. बऱ्याच मैदानांवर इथेच गफलत असते, आणि मग बाहेरगावी गेल्यावर पोरांचे फ्री थ्रो आखूड पडतात.

चाचणी साधी ठेवा. पाच जागांवरून १०-१० शॉट, किती पडले ते लिहा. फ्री थ्रो सलग २० नकोत. दोन मारायचे, मैदानाची एक फेरी पळायची, पुन्हा दोन. सामन्यात ते दमलेल्या पायांनीच मारावे लागतात. शेवटी ६० सेकंदांत कमजोर हाताने किती ले-अप (रिंगजवळ धावत जाऊन मारलेले शॉट) होतात ते मोजा.

आता प्रत्येकाला सुट्टीभर एकच काम द्या. ब्रूक लोपेझचं उदाहरण पोरांना जरूर सांगा: एनबीएतल्या पहिल्या आठ हंगामांत मिळून त्याचे तीन गुणांचे फक्त ३ शॉट पडले होते, २०१६-१७ च्या एका हंगामात १३४ पडले. रिंगजवळ खेळणाऱ्या सात फुटी सेंटरला हे जमतं, तर चुकलेले शॉट पकडणाऱ्या आपल्या रिबाउंडरला डाव्या हाताचा ले-अप जमायला काय हरकत आहे?

सर्वाधिक बिघडतो तो शॉट. लहान वयात तीन गुणांच्या रेषेवरून, म्हणजे ६.७५ मीटरवरून, मारायची हौस असते. ताकद पुरत नाही म्हणून पोरगं चेंडू कमरेपासून उचलतं, कोपर बाहेर फाकतं आणि दुसऱ्या हाताचा अंगठा चेंडूला ढकलतो. मग चेंडू डावी-उजवीकडे जातो. यावर ओरडून उपयोग नाही. रिंगपासून दोन मीटरवर उभं करा, एका हाताने, दुसरा हात पाठीमागे. बोर्डला न लागता १० पडले की एक पाऊल मागे. मागे गेल्यावर कोपर पुन्हा फाकलं तर पुढे आणा. मुलींना आणि लहान मुलांना ६ नंबरचाच चेंडू द्या. मोठ्यांच्या ७ नंबरने निम्म्या चुका आपणच शिकवतो.

दमसासासाठी अजिंक्यतारा किल्ल्याचा चढ आहेच. चढताना पळा, उतरताना चाला. डांबरी उतारावर पळून नडग्या धरतात. भराभर उंची वाढणाऱ्या पोराचं गुडघ्याच्या वाटीखालचं हाड दुखू लागलं, तर उड्या आणि चढ बंद, ड्रिबलिंग चालू. आठवड्यात कमी झालं नाही तर डॉक्टरला दाखवा.

जूनमध्ये पाऊस लागला की सिमेंटच्या मैदानावर शेवाळ धरतं. ब्लीचिंग पावडर टाकून कडक ब्रशने घासा, धुऊन पूर्ण वाळल्याशिवाय उतरू नका. तोवर शाळेचा व्हरांडा वापरा: दोन चेंडूंचं ड्रिबलिंग, पिव्हट (एक पाय रोवून वळणं), भिंतीवर पास. मंगल कार्यालयाचा हॉल मिळाला तरी गुळगुळीत फरशीवर उड्या आणि झटकन दिशा बदलणं नको, घोटा मुरगळतो.

जुलैअखेरीला तीच चाचणी पुन्हा घ्या आणि आकडे जुन्या आकड्यांशेजारी लिहा. शेवटच्या दोन जागांसाठी घासाघीस होतेच. तिथे आजच्या आकड्यापेक्षा एप्रिलपासून कोण किती वाढला ते बघा, आणि दोघं सारखेच असतील तर जो अजून दोन वर्षं शाळेत राहणार आहे त्याला घ्या.