ऑइल फिल्टर बदलताना जुनं रबर आधी शोधा

इंजिन पाचेक मिनिटं चालवून कोमट करा. गाडी उचलावी लागली तर खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका. पसरट टब ठेवून ड्रेन बोल्ट, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल काढायला असतो तो बोल्ट, सोडा, पंधरा मिनिटं ऑइल निथळू द्या, नवं वॉशर घालून बोल्ट परत लावा. यात अवघड काही नाही.

खरा घोळ फिल्टरपाशी होतो. मी हे डबीसारख्या, आट्यांवर फिरवून बसणाऱ्या फिल्टरबद्दल सांगतोय. तो हातानं सुटला नाही तर स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकून फिरवा, असं सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. ऐकू नका. पत्रा फाटतो, फिल्टर जागीच राहतो आणि मग पकडायलाही काही उरत नाही. पट्ट्याचा किंवा टोपीसारखा फिल्टर पाना आणा. एकदा घेतला की वर्षानुवर्षं पुरतो.

फिल्टर हातात आला की सगळ्यात आधी त्याचं तोंड बघा. तिथे रबराची रिंग आहे का? नसेल तर ती इंजिनलाच चिकटून बसली आहे. काळ्या ऑइलमध्ये काळं रबर दिसत नाही, म्हणून बोट फिरवून शोधा. माझ्याकडून एकदा ती राहून गेली. नवा फिल्टर जुन्या रिंगवरच बसला, वरून अगदी घट्ट लागला. इंजिन सुरू केल्यावर काही सेकंदांतच ऑइलचा फवारा उडाला. गाडी लगेच बंद केली म्हणून इंजिन वाचलं, पण फरशीवर जवळजवळ दोन लिटर ऑइल सांडलं होतं. तेव्हापासून जुनी रिंग डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी नव्या फिल्टरचं खोकं उघडत नाही.

बसायची जागा फडक्यानं पुसा. नव्या रिंगला बोटभर ताजं ऑइल चोळा, नाहीतर रबर कोरडं घासून मुरगळतं. फिल्टर हातानंच फिरवा. रिंग टेकली की तिथून साधारण पाऊण फेरा पुरे, नेमका आकडा फिल्टरवर छापलेला असतो. पान्यानं आवळू नका. पुढच्या वेळी तो न सुटण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं ऑइल भरा, इंजिन मिनिटभर चालवा, खाली वाकून गळती बघा. बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढून तपासा.

आता जळकं ऑइल. सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासायला ते मागून नेणारे भेटतात. देऊ नका. त्यात धातूंचे कण आणि कर्करोगकारक रसायनं असतात, ती शेवटी मातीत आणि विहिरीत उतरतात. हातमोजे घालायचे तेही त्याचसाठी. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल मोडतं आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी ऑइल उत्पादकांवरही आली आहे.

नव्या ऑइलच्याच रिकाम्या कॅनमध्ये ते ओता. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत मुळीच नको, घरात लहान मुलं असतात. कूलंट, पेट्रोल, ब्रेक ऑइल त्यात मिसळू नका, मग पुनर्प्रक्रियावाले घेत नाहीत. जुना फिल्टर दिवसभर टबवर उपडा ठेवून निथळवा. कॅन आणि फिल्टर दोन्ही गॅरेजवर न्या आणि थेट विचारा: तुमचं जळकं ऑइल कोण नेतं? प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या माणसाचं नाव सांगता आलं नाही, तर कॅन उचलून दुसऱ्या गॅरेजवर जा.