लग्नाच्या तोंडावर केमिकल पील करताय? या चुका टाळा

माझ्या भाचीनं लग्नाला आठ दिवस राहिले असताना एका पार्लरात पील करून घेतलं. हळदीच्या दिवशी गालांची साल अजून निघतच होती. बायकांनी हौसेनं हळद चोळली, चेहऱ्याची आग आग झाली आणि मागं राहिलेले काळे डाग कितीतरी महिने गेले नाहीत. म्हणून आधी हेच सांगते: शेवटचं पील लग्नाच्या किमान महिनाभर आधी उरका.

पीलमध्ये ग्लायकोलिक, लॅक्टिक किंवा सॅलिसिलिक ॲसिडनं कातडीचा वरचा थर सैल करतात. लावताना काही मिनिटं चुरचुरतं. पहिल्या दिवशी चेहरा लाल, ताणल्यासारखा वाटतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी साल सुटते आणि आठवड्यात निवळतं. टीसीए (ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड) या कडक ॲसिडनं केलेल्या, जास्त खोल जाणाऱ्या पीलला दोन आठवडेही लागतात. हलक्या पीलमध्ये साल दिसलीच नाही तर घाबरू नका, आणखी कडक मागू नका. एका बैठकीत वांग जात नाही, खड्डे तर नाहीतच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ट्यूब लपवणं. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली 'गोरं व्हायची' ट्यूब आपल्याकडं घरोघरी आहे. तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, कातडी पातळ होते आणि त्यावर ॲसिड पडलं की भाजतं. नाव सांगता येत नसेल तर ट्यूबच घेऊन जा की डॉक्टरांकडं! मुरमांच्या गोळ्या चालू असतील, ओठांवर नागीण उठत असेल किंवा दिवस गेले असतील, तर तेही आधीच सांगा. थ्रेडिंग, ब्लीच, वॅक्सिंग आठवडाभर आधी बंद.

घरी सांभाळायच्या सूचनांचा कागद आपल्या बेळगावात बहुधा इंग्रजीत नाहीतर कन्नडात मिळतो. निघण्याआधी तो मराठीत समजावून घ्या, लाजू नका.

मग ऊन. खानापूरहून बेळगावला स्कूटीवरून येणाऱ्या मुली स्कार्फ घट्ट बांधतात, आणि तो नेमका सुटलेल्या सालीवर घासतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला डाग लवकर पडतात. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन, बाहेर असाल तर दर दोन तासांनी. पावसाळी ढगातूनही किरणं येतातच.

साल नखानं ओढू नका. लिंबू, बेसन, स्क्रब काही नको. साधं मॉइश्चरायझर पुरे. खाज सुटली तर गार पाण्यात पिळलेलं मऊ फडकं ठेवा. फोड, पू, डोळ्यांभोवती सूज किंवा वाढत जाणारी वेदना दिसली, तर त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञांकडं जा. डाग पडलाच, तर तो काढायला म्हणून परत पील करू नका. भाचीचे डाग त्यानंच आणखी गडद झाले.