काठावरची नोकरी

कॉलेजात पोहण्याचा कोच व्हायचंय म्हणून विचारायला येणारी पोरं आधी स्वतःची मेडलं सांगतात. मला ती बघून जरा धास्तीच वाटते. आमच्या सरांना मी इतक्या वर्षांत पाण्यात उतरलेलं फार तर चारदा पाहिलं असेल. बाकी सगळा काळ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठावर उभे.

मी पंचगंगेत पाठीला डबा बांधून शिकलेला, त्यामुळं डोकं वर काढून पोहायचो. "हनुवटी खाली घाल की, रंकाळा बघायला आलायस काय?" हे पहिल्याच दिवशी ऐकलं. डोकं वर आलं की पाय बुडतात, हे एवढं अंगात मुरायला तीन आठवडे गेले.

पुढं त्यांच्या हाताखाली लागलो. दोन महिने स्टॉपवॉचला हात लावू दिला नाही. पंचवीस मीटरला किती हात पडतात तेवढं मोजायचं. पोरगं थकलं की आधी कोपर पडतं, मग हात वाढतात, वेळ त्यानंतर बिघडते. घड्याळ बघणाऱ्याला हे उशिरा कळतं.

दुसरं काम डोकी मोजायचं. एकदा गप्पांच्या नादात चौदाची तेरा झालेली मला कळलीच नाहीत. पोरगं संडासात गेलं होतं. सर ओरडले नाहीत, इतकंच म्हणाले, "संडासात होतं हे तुला नंतर कळलं." बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. तो पाण्यात उभा होतो, मान मागे पडते, तोंड पाण्याच्या रेषेवर येतं. त्यामुळं पूल गप्प झाला की मला अजून धडकी भरते.

कागदांचं थोडक्यात सांगतो. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा वर्षाचा डिप्लोमा चांगला, वेळ नसेल तर सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स. जीवरक्षकाचं प्रशिक्षण मात्र आधी करा. कॉलेजात क्रीडा संचालकाची कायम जागा हवी असेल तर एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. नुसत्या कोचला बहुतेकदा कंत्राट. उन्हाळी शिबिरात गर्दी, पावसाळ्यात शुकशुकाट. घरी हे आधीच सांगून ठेवा.

पालकांचा विषय वेगळाच. कोल्हापूरचा वीरधवल खाडे 2008 ला बीजिंग ऑलिंपिकला गेला तेव्हा सोळा वर्षांचा होता. 2010 ला ग्वांगझू एशियाडमध्ये त्यानं 50 मीटर बटरफ्लायचं, म्हणजे दोन्ही हात एकदम मारायच्या प्रकारातलं, ब्राँझ आणलं. पोहण्यात भारताला 24 वर्षांनी मिळालेलं ते एशियाडचं पदक. मग काय, प्रत्येक बाप महिन्याभरात बटरफ्लाय शिकवा म्हणून मागं लागला. सर त्यांना चहा पाजायचे आणि पोराला पुन्हा किकबोर्ड, म्हणजे हातात धरून नुसते पाय मारायची फळी, द्यायचे. मला तो चहा अजून जमलेला नाही, माझं भांडणच होतं.

सर निवृत्त झाले. मागच्या महिन्यात आमचा जुना ग्रुप पन्हाळ्याला गेला होता. कुणी बँकेत, कुणी शेतीत, कोच झालेला मी एकटा. परतताना गाडी सुटायच्या आधी तिघं एकदम उठले आणि डोकी मोजायला लागले. तिघांचे आकडे वेगळे आले. एकजण अजून झुणका-भाकरीच्या टपरीवर होता.